आमच्याकडं असं झालं

डायलिसिस युनिटच्या बाहेर एक लांब बाकडं आहे. सहा माणसं बसतील एवढं, पण बसतात नऊ. त्याचा एक पाय डुगडुगतो म्हणून कुणीतरी गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याची घडी खाली सरकवलीय, ती दर पावसाळ्यात ओली होऊन जाते आणि मग कुणीतरी नवीन खोकं शोधतं. खोक्यांची काही कमी नसते तिथं. दाराच्या आत माझा नवरा चार तास रक्त साफ करणाऱ्या मशीनला जोडलेला असतो आणि बाहेर मी ब्लाउजांची हूक-काजं करत बसते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुसरी शिफ्ट. २०१७ पासून हिशोब केला तर हजारच्या वर वेळा बसले असेन त्या बाकड्यावर, आणि शिवणकामाशिवाय मला जे काही येतं ना आता, ते सगळं त्या बाकड्यावर शिकलेय.

सुरुवात आमची सगळ्यांसारखीच. बीपीची गोळी चालू होती, मग बरं वाटायला लागलं म्हणून यांनी सोडून दिली, दोन-तीन वर्षं कुणी बीपी मोजलंच नाही, आणि मग पायावर सूज, सकाळी उलटीसारखं होणं, जिना चढताना दम. ॲसिडिटी असेल म्हणून महिनाभर गोळ्या खाल्ल्या. शेवटी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ९.४. लॅबवाल्या पोरानं रिपोर्ट देताना माझ्याकडं बघितलं ते मला अजून आठवतंय, कारण मला तेव्हा ९.४ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. नॉर्मल एकच्या आसपास असतं हे मी त्याच कागदाच्या उजव्या कोपऱ्यात वाचलं, आणि वाटलं छापायची चूक असेल, पॉइंट इकडचा तिकडं झाला असेल.

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं हां. खोटं कशाला बोलू. दोन्ही किडन्या आकसल्यात, आता डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट, हाताची छोटी सर्जरी करून घ्या, पाणी मोजून, मीठ कमी, पोटॅशियम कमी, फॉस्फरस कमी. बाहेर चाळीस पेशंट होते तरी त्यांनी आम्हाला दहा-बारा मिनिटं दिली. पण त्यातली पहिली दोनच मिनिटं माझ्या कानात गेली, पुढचं सगळं मी नुसती मान हलवत ऐकलं. घरी येऊन नवऱ्याला विचारलं काय म्हणाले, तर तो म्हणाला तूच ऐकत होतीस की.

मग पहिल्या दिवशी त्या बाकड्यावर बसले तेव्हा शेजारी तीन नंबरच्या मावशी होत्या. (आमच्यात नावं नसतात, बेडचे नंबर असतात. मी सात नंबरची वहिनी.) मावशींचा मुलगा चोवीस वर्षांचा, तीन नंबरवर. मी त्यांना ओळख ना पाळख, पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, यावर माणूस किती वर्षं काढतो हो?" मावशींनी माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "डब्यात काय आणलंयस?"

मला राग आला खरं सांगायचं तर. मी काय विचारतेय आणि ही बाई काय विचारतेय. पण त्यांनी डबा उघडायला लावला. चपाती, पालकाची पातळ भाजी, टोमॅटोची कोशिंबीर, वर एक केळं. आजारी माणूस म्हणून मी मुद्दाम पौष्टिक केलेलं. मावशींनी केळं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, "हे तू खा," आणि मग पालेभाजी काय करते, टोमॅटो काय करतो, बटाटा काय करतो ते सगळं त्यांच्या भाषेत. किडनी चालत नाही म्हणजे पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि एक दिवस डायरेक्ट हार्टवर जातं, आधी दरवाजा वाजवत नाही, असं त्या म्हणाल्या. भाजी बारीक चिर, भरपूर पाण्यात उकळ, ते पाणी ओतून दे, मग फोडणी. "चव जाईल," मी म्हटलं. "जाते की. म्हणून फोडणीत कंजूषपणा नाही करायचा. लसूण, जिरं, हिंग, कढीपत्ता, वरनं लिंबू दोन थेंब." आहाराच्या छापील कागदावर 'लीचिंग' असा शब्द होता. मावशी त्याला 'भाजीची आंघोळ' म्हणायच्या. आमच्या घरात अजून तोच शब्द चालतो, मुलगी विचारते आई, आज गवारीची आंघोळ झाली का.

पाण्याचं तर वेगळंच महाभारत. आमच्या यांना लघवी जवळपास बंदच झालेली, तर दिवसाला सगळं मिळून साधारण पाऊण लिटर, असं ठरवून दिलेलं. सगळं मिळून म्हणजे चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं. मे महिन्यात सांगलीत पाऊण लिटर! दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढतं ते सगळं पाणीच असतं, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते मशीननं चार तासांत ओढून काढायचं म्हणजे बीपी खाली जातं, पायात असे पेटके येतात की चांगला गडी माणूस ओरडतो. आत जायच्या आधी वजनकाट्यावर उभं राहायचं असतं. तिथलं दृश्य बघण्यासारखं असतं, चपला काढतात, मोबाईल काढतात, एक जण तर खिशातली कुलपाची किल्ली काढून बायकोच्या हातात द्यायचे, जशी काय ती किल्लीच दोन किलोची. दहावीचा निकाल लागावा तसे चेहरे असतात.

मी सुरुवातीला पाण्यावरून यांच्याशी भांडायचे. रात्री स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला की उठून बसायचे. मग बाकड्यावरच एकांनी सांगितलं की वहिनी, तुम्ही पाण्यावर नका पहारा देऊ, मिठावर द्या. मीठ पोटात गेलं की जीभ पाणी मागणारच, त्यात माणसाचा काय दोष. आमच्याकडं लोणचं-पापड-भडंग बंद केलं तेव्हा पाणी आपोआप कमी झालं, असं ते म्हणाले. सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे काय ते सांगलीकरांनाच कळेल. पण खरंच फरक पडला. बाकी मग छोट्या युक्त्या, सकाळीच बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी त्या बाटलीतून ओतून टाकायचं, म्हणजे शिल्लक किती ते डोळ्याला दिसतं. ग्लासऐवजी छोटं फुलपात्र. फार झालं तर बर्फाचा एक खडा तोंडात. आजीचं पितळी फुलपात्र होतं आमच्याकडं, देवापुढं असायचं, ते काढून घेतलं. देवाला स्टीलचं दिलं.

आता शहाळ्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही मला.

आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जाताना काय नेतात? शहाळं. माझा सख्खा भाऊ कोकणातून आला, चार शहाळी घेऊन. मी दुकानात ब्लाउज द्यायला गेले होते. पाणी मोजून हे यांना माहीत होतं, शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं हे डोक्यात नव्हतं, आणि मी ते भावाला सांगितलेलं नव्हतं. मावशींनी मला केळं सांगितलं, टोमॅटो सांगितला, शहाळं राहून गेलं. हे दोन शहाळी प्यायले. मी घरी आले तर तासगावच्या बेदाण्याची पुडीपण उघडलेली. रात्री साडेअकराला म्हणाले, पायात जीव नाही गं, उठता येईना. रिक्षा करून नेलं, ईसीजी काढला, पोटॅशियम ६.९. तिथल्या मुलीनं शिरेतून इंजेक्शन दिलं, आणि रात्री दीडला टेक्निशियनला घरून बोलावून मशीन लावलं. माझा भाऊ बाकड्यावर हात जोडून बसलेला, मी काय केलं गं, मी काय केलं. त्याला काय बोलणार. पुढं वर्षभर तो आमच्याकडं यायचा तेव्हा रिकाम्या हातानं यायचा आणि दारात उभा राहून आधी हात दाखवायचा.

(कमरखाचंही तसंच, कोकणात करंबळ म्हणतात ते, आंबट पाच धारांचं फळ. इंग्रजीतलं कॅरम्बोला हे नाव म्हणे पोर्तुगीजांनी आपल्या मराठी करंबळावरूनच उचललं. किडनी गेलेल्या माणसाला ते विषासारखं आहे, अक्षरशः, उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणूस जाऊ शकतो. त्यात पोटॅशियमपेक्षाही वेगळं एक द्रव्य असतं जे चांगली किडनी गुपचूप बाहेर टाकते. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. लोक बिचारे पथ्य म्हणून महाग मीठ आणतात.)

हे सगळं वहीत कुणी लिहिलं तर पाच नंबरच्या काकांनी. काका निवृत्त शिक्षक, समाजवादी, खादीचा झब्बा, डाव्या हाताची बाही कायम वर दुमडलेली कारण त्या हातात फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी सर्जरी करून जाड केलेली शीर. शाळेची जुनी चौकोनी वही, प्रत्येक पानावर दोन रकाने. एकात 'डॉक्टर म्हणाले', दुसऱ्यात 'बाकडं म्हणालं'. दुसऱ्या रकान्यातलं काहीही असलं तरी काका ते पुढच्या राउंडला डॉक्टरांना विचारायचे आणि मग शेजारी बरोबर किंवा फुली. फुल्या भरपूर होत्या हां. एक आख्खं पान फुल्यांचं होतं, मुळ्याचा रस, मक्याच्या कणसाचे केस, कुठलंतरी भस्म. ते पान काका मुद्दाम नव्या लोकांना आधी दाखवायचे.

काका सांगायचे, जयप्रकाश नारायण आणीबाणीत स्थानबद्ध असताना किडन्या गेल्या त्यांच्या, १९७५ च्या नोव्हेंबरात सुटले आणि मुंबईला जसलोकमध्ये डायलिसिसवर गेले. मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली देशभर, आम्ही पोरांनी डबा घेऊन सायकलवर फिरून गोळा केलेली, काका म्हणायचे. जेपी १९७९ पर्यंत जगले. म्हणजे जनता पक्षाचं सरकार आलं आणि पडलं ते सगळं त्या माणसानं डायलिसिसवर असताना बघितलं, काका म्हणायचे, आणि तुम्ही म्हणता चार तास झोपून काय करायचं! मला राजकारणातलं फार कळत नाही, पण त्या काळात एका माणसाच्या मशीनसाठी देशभर डबा फिरवावा लागला आणि आज तालुक्याच्या गावातही डायलिसिस सेंटर दिसतं, हे मला मोठं वाटतं. महात्मा फुले योजनेत आमचं डायलिसिस बसलं नसतं तर आम्ही पहिल्याच वर्षी घर विकलं असतं. तेही कुणी सांगितलं? बाकड्यानं. कुठल्या टेबलावर आरोग्यमित्र, म्हणजे त्या योजनेचा माणूस बसतो, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, नाव दोन्हीकडं सारखंच हवं, एका अक्षराचा फरक असला की परत चक्कर. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला प्रवासाची सवलत असते हे आम्हाला दीड वर्षानं कळलं, तेही जतकडच्या एका शेतकऱ्याकडून, तोवर आम्ही पैसे देऊनच प्रवास केला.

हाताचंही बाकड्यानंच शिकवलं. फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला जोडून देतात, मग शीर फुगते, जाड होते, त्यात दर वेळी दोन सुया घालता येतात. जोडल्यावर सहा-आठ आठवडे तरी थांबावं लागतं ती तयार व्हायला, कधी जास्तच, तोवर मानेतल्या नळीवर भागवायचं आणि बॉल दाबत बसायचं. त्या शिरेवर बोट ठेवलं की आत घरघर लागते, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. ती घरघर म्हणजे हात जिवंत आहे. त्या हाताला बीपी नाही, रक्त काढायचं नाही, घड्याळ नाही, त्यावर झोपायचं नाही, बाजाराची पिशवी अडकवायची नाही. मला हे सांगणारी बाई काय म्हणाली माहितीये, "रात्री कूस बदलताना एकदा हात लावून बघायचं, पाळण्यातल्या पोराला बघतो तसं. आणि घरघर बंद वाटली तर शनिवारची वाट नाही बघायची, त्याच मिनिटाला फोन." तिच्या सासऱ्यांचा फिस्टुला रविवारी बंद पडला होता, त्यांनी मंगळवारपर्यंत वाट बघितली, त्यांचा नंबर मंगळवारी म्हणून. तो हात गेला कामातून, मग दुसऱ्या हाताची सर्जरी, परत मानेत नळी.

तर असं हे शिक्षण. अधिकृत शिक्षणही असतं हां, मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन. एका वर्षी युनिटच्या दारावरच मोठा फ्लेक्स लावला, निळा, सुंदर, 'भरपूर पाणी प्या, किडनी वाचवा'. आत बारा माणसं पाण्याच्या थेंबासाठी तडफडतायत आणि दारावर हा फ्लेक्स! काका आत जाताना त्याच्यापुढं उभे राहिले आणि नमस्कार केला. आम्ही एवढे हसलो त्या दिवशी, मशीनवर असलेल्यांना टेक्निशियननं दटावलं, हलू नका, सुया हलतील. ज्यानं लावला त्याचंही चूक नाही, मुतखड्याच्या माणसाला तो सल्ला सोन्यासारखा आहे. पण तोच सल्ला दुसऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरतो. किडनीच्या आजारात हीच गोम आहे सगळी, पायरी बदलली की पथ्य उलटं होतं.

आणि ते मला कसं कळलं, तर स्वतःच्या चुकीनं. ते लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं माझं.

दोन-तीन वर्षांत मी बाकड्यावरची जुनी झाले. नवीन लोक मलाच विचारायला लागले, आणि कुणी आपल्याला विचारलं की माणसाला चढतं थोडं. एक वहिनी आली, सासू डायलिसिसवर, बिचारी भांबावलेली. मी तिला आमचा आहाराचा कागद झेरॉक्स करून दिला. त्यात डाळ कमी, उसळ कमी, अंडं बंद, दूध अर्धा कप. मी ठणकावून सांगितलं, प्रोटीन द्यायचंच नाही, किडनीवर लोड येतो. तिनं देवाची पोथी पाळावी तसं पाळलं. तीन महिन्यांत म्हातारी वाळली, अंगावर सूज, रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन म्हणतात ते, खाली गेलेलं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं हा कागद कुणी दिला, तेव्हा कळलं की तो कागद आमच्या डायलिसिसच्या आधीचा होता. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रोटीन आवरतात, पण एकदा डायलिसिस सुरू झालं की दर वेळी मशीनबरोबर थोडं थोडं प्रोटीन निघून जातं, तर मग उलट जास्त खायला लागतं, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, मासे, डॉक्टर सांगतील तसं. आमच्या फाइलमध्ये दोन्ही कागद होते, मी वरचा दिला.

त्या वहिनी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पंधरा दिवस बाकड्यावर न बसता खाली पार्किंगमध्ये बसत होते.

काकांनीच वर बोलावलं. म्हणाले, कागद चुकीचा गेला ते कुणाचंही होऊ शकतं, तुम्ही ज्या तऱ्हेनं सांगितलंत ते जास्त चुकलं. "तुम्ही असं करा" म्हणालात. आपण फक्त "आमच्याकडं असं झालं" म्हणायचं. पुढचं त्यांनी डॉक्टरांना विचारायचं. शाळामास्तर तो, त्यांनी त्याचा नियमच करून टाकला, वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मग व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा तिथंही तोच. गुड मॉर्निंग नाही, देवाचे फोटो नाहीत, औषधांचे फॉरवर्ड तर नाहीच, आणि वाक्याची सुरुवात 'आमच्याकडं'. नवीन माणसाला आधी गंमत वाटते. पण करून बघा, "तुम्ही मीठ सोडा" आणि "आमच्याकडं मीठ कमी केलं तेव्हा पाय कमी सुजायला लागले", दुसरं वाक्य ऐकणाऱ्याला शहाणपण वाटत नाही, शेजार वाटतो. नाहीतर पेशंटला सल्ले देणारे काय कमी असतात? लग्नाला जा, बारशाला जा, प्रत्येकाच्या मेव्हण्याची किडनी कुठल्यातरी पाल्यानं परत चालू झालेली असते. आमच्या शिफ्टमधला एक तरुण पोरगा अशाच कुठल्यातरी काढ्याच्या मागं लागून डायलिसिस सोडून गेला होता, दहाव्या दिवशी धापा टाकत आला, बसूनच झोपायचा म्हणे घरी, आडवा झाला की गुदमरायचा. त्याला कुणी 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही. मावशींनी सरकून जागा करून दिली त्याच्या आईला, बास.

२०१९ च्या महापुरात त्या ग्रुपचा खरा उपयोग झाला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात आमच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या पायरीला लागलं. बाकीच्यांना पुराची भीती, आम्हाला गुरुवारची. तीन दिवसांच्या वर गाडी ओढत नाही हो. काकांनी ग्रुपवर यादी टाकली, कोण कुठं अडकलंय, शेवटचं डायलिसिस कधी झालं, वजन किती होतं. मिरजेकडं राहणाऱ्या एका पेशंटच्या घरी चार कुटुंबं राहिली आठवडाभर, त्यातलं एक आमचं. आम्हाला होडीतून काढलं तेव्हा यांनी फिस्टुलाचा हात डोक्यावर धरलेला, पाण्यानं घाण लागू नये म्हणून, आणि होडीतल्या जवानाला वाटलं हात मोडलाय. मदत येत होती पोतीच्या पोती, केळी, फरसाण, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्यांचे पाय धरावेत अशी माणसं, पण आमच्या चार पेशंटांना त्यातलं काहीच चालेना. त्या घरच्या वहिनींनी वीस माणसांच्या भाताबरोबर चार माणसांचा वेगळा, बिनमिठाचा स्वयंपाक केला, रोज, भाजीची आंघोळ घालून. पूर ओसरल्यावर आम्ही त्यांना साडी दिली तर त्या म्हणाल्या, साडी नको, मला एक दिवस सुट्टी द्या, कुणीतरी यांच्याबरोबर शनिवारी बसा. ती साडी मी परत आणली. शनिवारी मीच बसले.

बायकांवरून आठवलं. ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की बाकड्यावर एक वेगळीच शांतता होते. कायद्यानं जवळचे नातेवाईक देऊ शकतात, नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजी-आजोबासुद्धा. पण प्रत्यक्षात नजरा वळतात त्या बायकोकडं नाहीतर आईकडं. आपल्या देशात देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे सरकारी आकडेही सांगतात आणि आमचं बाकडंही. माझा रक्तगट जुळला नाही. स्वॅपचं, म्हणजे दोन कुटुंबांनी अदलाबदल करायचं, तेही बघितलं, जोडी मिळाली नाही अजून. आता हे पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे गेलेल्या माणसाचे दान केलेले अवयव वाटून देणाऱ्या समितीच्या, यादीत आहेत. रक्तगट जुळला नाही हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं, आणि हे मी फक्त एकाच बाईला सांगू शकले, जिनं नवऱ्याला किडनी दिलीय. ती हसली. म्हणाली, "मला दिल्यावरही भीती वाटली, आधी नाही वाटली." ती कधीकधी फॉलोअपला येते तेव्हा बाकड्यावर बसून जाते. नवऱ्याची फाइल केवढी जाड, आणि तिची? मी विचारलं तिला, तुझं क्रिएटिनिन कधी केलंस शेवटचं. देणाऱ्यानंही दर वर्षी बीपी, लघवी, क्रिएटिनिन बघायचं असतं. म्हणाली, यांच्या औषधांच्या गडबडीत राहिलंच दोन वर्षं. त्याच दिवशी आम्ही दोघी खाली लॅबमध्ये गेलो. १.० आलं. बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला, भरपूर मिठाचा, दोघींनी, कुणाला न सांगता.

काका गेले २०२१ च्या थंडीत. आदल्या शनिवारी वजनकाट्यावर अडीच किलो वाढ आली म्हणून स्वतःच्या कानाला हात लावले होते त्यांनी. मंगळवारी पाच नंबर रिकामा दिसला, बाराच्या सुमाराला त्यावर दुसरे कुणी आले. युनिटमध्ये कुणी काही बोलत नाही अशा वेळी, आतल्यांनी एकमेकांकडं बघायचं नसतं हा न सांगितलेला नियम आहे. नवऱ्यानं घरी येऊन फक्त एवढंच विचारलं, "पाच नंबर?" मी मान हलवली. त्या दिवशी त्यानं दोन फुलपात्री पाणी जास्त प्यायलं आणि मी बघितलं नाही.

तेरावं झाल्यावर काकू आल्या बाकड्यावर. त्यांना आता तिथं यायचं काही कारण नव्हतं, तरी नेहमीच्या वेळेला आल्या, नेहमीच्या टोकाला बसल्या. पिशवीतून वही काढली. म्हणाल्या, घरात ठेवली की माझी झोप जाते, तुम्ही ठेवा. मग शिफ्ट सुटेपर्यंत बसल्या, कुणाशी फार बोलल्या नाहीत, जाताना आतल्या सिस्टरला सांगून गेल्या की यांचं चादरीचं कव्हर इथंच राहिलंय ते कुणाला तरी द्या. अजूनही महिन्यातून एकदा येतात. येताना आमच्यासाठी चहा आणतात थर्मासमध्ये, छोटे कप.

वही माझ्याकडं आहे. माझं अक्षर वाईट, पण लिहिते. दोन रकाने तसेच ठेवलेत. फुल्या मारायला डॉक्टरांना विचारते, ते पण आता विचारतात, वही आणली का.

गेल्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला फोन वाजला. एक नवीन मुलगी आहे, नवरा तिशीतला, फिस्टुला होऊन तीन महिनेच झालेत. रडतच होती. "ताई, घरघर लागत नाहीये."

मी उठून बसले. "कुठं हात लावलास?"

"कोपरापाशी."

"खाली ये. मनगटाच्या वर, टाके होते तिथं. बोटं हलकी ठेव, दाबू नको."

"नाही लागत."

"पंखा बंद कर आधी. आणि कान लाव तिथं, डायरेक्ट कान."

पंखा बंद केल्याचं बटण ऐकू आलं मला. मग काहीच नाही. मी तोवर उभी राहून पायानं चप्पल शोधत होते, डोक्यात रिक्षावाल्याचा नंबर, युनिटमध्ये रात्रपाळीला कोण असेल, हे सगळं. माझा हात मागं गेला आणि नवऱ्याच्या हातावर पडला, सवयीनं.

"आहे," ती म्हणाली. "आहे ताई. बारीक आहे पण आहे."

"काल मशीनवर बीपी खाली गेलं होतं का त्याचं?"

"हो. नव्वद झालं होतं."

"आमच्याकडं पण बीपी उतरलं की बारीक लागायची. पण आत्ता लगेच युनिटला फोन कर, त्यांना सांग, ते ये म्हणाले तर निघ. रिक्षा पाहिजे का?"

"नको, भाऊजी आहेत."

"बरं. फोन झाला की मला मिस कॉल दे."

तिनं वीस मिनिटांनी दिला. मी तोवर आमचा चहा टाकला होता, अर्धा कप यांचा, अर्धा माझा, आणि बाटलीतून तेवढं पाणी ओतून दिलं.